दोन बिशप, एक पोप

पोपमहोदयांच्या अधिकाराचा उगम कोठे, हा वाद युरोपातील ईशज्ञानाच्या ग्रंथांपुरताच होता, असा आपला समज असतो. मुंबईच्या कॅथलिकांनी मात्र तो शंभराहून अधिक वर्षे आपल्याच चर्चच्या दारात अनुभवला.

वादाचे मूळ पोपच्याच देणगीत होते. पंधराव्या शतकापासून पोपनी पोर्तुगालच्या राजांना पूर्वेकडील मुलखात चर्च उभारण्याचे व बिशपपदासाठी नावे सुचविण्याचे हक्क दिले. हाच तो ‘पाद्रुआदो’. पुढे 1622 मध्ये रोमने मिशनकार्य थेट आपल्या हाती घेण्यासाठी ‘प्रॉपगंडा’ ही संस्था स्थापिली. 1720 मध्ये इंग्रजांनी मुंबईतील पोर्तुगीज धर्मगुरूंना घालवून तेथील चर्च पोपच्या प्रतिनिधी-बिशपांकडे सोपविली. 1794 मध्ये त्यांची गोव्याचे आर्चबिशप व हे प्रतिनिधी यांच्यात वाटणी झाली. एकाच बेटावर दोन सत्ता नांदू लागल्या.

गोव्याचा पक्ष म्हणे, विधिपूर्वक दिलेला हक्क राजाच्या संमतीवाचून परत घेता येत नाही. दुसरा पक्ष मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायाकडे बोट दाखवी: किल्ल्या ख्रिस्ताने पेत्राला दिल्या, राजाला नव्हे. पेत्राच्या वारसाने जे दिले, ते तो परतही घेऊ शकतो. 1838 मध्ये सोळाव्या ग्रेगरींनी गोव्याचा अधिकार आखडता घेतला. राजाची मान्यता नाही म्हणून तो आदेश अनेकांनी मानला नाही. 1853 मध्ये माहीमच्या संत मायकल चर्चच्या ताब्यावरून इतका तंटा पेटला, की बिशप हार्टमन यांना चर्चमध्येच कोंडून राहावे लागले. लक्षणीय हे, की दोन्ही पक्ष स्वतःला पोपचे आज्ञाधारक म्हणवीत होते.

1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपचा अधिकार प्रत्येक धर्मप्रांतावर पूर्ण व थेट असल्याचे घोषित केले. तरीही मुंबईचा तंटा घोषणेने मिटला नाही. तो 1886, 1928 व 1950 च्या करारांनी, टप्प्याटप्प्याने मिटला. 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये याच शिकवणीला जोड दिली: बिशप हे पोपचे नुसते मुखत्यार नव्हेत; त्यांचा अधिकारही ख्रिस्ताकडूनच येतो व पेत्राच्या वारसाशी ऐक्यात राहून चालतो. आज वऱ्हाडापासून वसईपर्यंत प्रत्येक मिस्सेत पोप व स्थानिक बिशप यांची नावे पाठोपाठ घेतली जातात. ती नावे आपण सवयीने ऐकतो. त्यांतील दुसरे नाव कोणाचे, यावरून आपल्याच पूर्वजांत एके काळी फूट पडली होती, याचे स्मरण तेव्हा असावे.