पायांतील वरवरची गुठळी

पोटरीवरची किंवा मांडीच्या आंतल्या बाजूची एखादी शीर एकाएकीं लाल होते, दोरीसारखी ताठ हातास लागते आणि ठणकूं लागते. तिच्यांत रक्ताची गुठळी झालेली असते. पण घरांतलें कोणीतरी तेलाची वाटी घेऊन तीच जागा चोळावयास बसतें. श्रोतेहो, ती वाटी तूर्त बाजूला ठेवावी. कां, तें पुढें येईलच.

आपल्याकडे दूषित रक्त काढण्यासाठीं सुश्रुतानें जळवा सांगितल्या, आणि युरोपांतहि शिरेच्या दाहावर त्या लावीत. (जळवेच्या तोंडांत रक्त गोठूं न देणारें द्रव्य असतें, हें ब्रिटिश शास्त्रज्ञ हेक्राफ्ट ह्यानें 1884 सालीं दाखविलें, ही त्यांतली मौज!) पण गुठळी स्थान सोडून रक्ताबरोबर वाहत फुप्फुसांत अडकूं शकते, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खोनें सिद्ध केलें, तेव्हां ह्या दुखण्याचें गांभीर्य प्रथम उमगलें.

पॅरिसचा प्रख्यात वैद्य आर्मां त्रुसो ह्यानें 1865 सालीं आणखी एक गोष्ट शिकविली. शिरांतून वारंवार, जागा बदलून गुठळ्या होऊं लागल्या, तर आंत कोठें कर्करोग लपला आहे काय तें पाहावें. 1867 च्या आरंभीं स्वतःच्याच शिरेंत गुठळी आढळतांच आपलें निदान त्यानें शिष्याला सांगून टाकलें, आणि त्याच वर्षीं जठराच्या कर्करोगानें तो वारला. मात्र हें ऐकून कोणी भयभीत होऊं नये. बहुतेकांची गुठळी फुगलेल्या, वेड्यावांकड्या जुन्या शिरेंतच होते.

गुठळी वाहून जाईल ह्या धास्तीनें रोग्यास बिछान्यास खिळवून ठेवण्याची रीत मात्र दीर्घकाळ टिकली. वस्तुतः निजून राहिल्यानें पायांतलें रक्त मंदावतें व गोठण्यास अधिकच अनुकूल होतें. 1910 सालीं जर्मनीच्या हाइनरिख फिशरनें पायाला घट्ट पट्टे बांधून रोग्याला चालावयास लावलें. माझ्या मतें ह्या इतिहासांतलें सर्वांत धाडसाचें पाऊल तेंच होय.

तरीहि वरवरची गुठळी म्हणजे निरुपद्रवी, हा समज विसाव्या शतकभर राहिला. तो चुकीचा कां, तें शरीररचनेंतच आहे. कातडीखालची लांब सॅफीनस शीर जांघेंत मांडीच्या खोल शिरेला मिळते. गुठळी तेथवर चढली कीं फुप्फुसाची वाट मोकळी. 2010 सालीं प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील पाहणींत अशा 844 रुग्णांपैकीं सुमारें चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत प्रथम तपासणीलाच खोल शिरेंत किंवा फुप्फुसांतहि गुठळी सांपडली.

त्याच वर्षीं 3002 रुग्णांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना 45 दिवस फोंडापॅरिनक्सची सुई रोज टोंचली, निम्म्यांना औषधाविना नुसती सुई. गुठळी वाढणें, पुन्हां होणें, फुप्फुसांत जाणें वा मृत्यु, असे प्रसंग दुसऱ्या गटांत हजारीं 59, तर पहिल्यांत 9 घडले. मोठा रक्तस्राव दोन्ही गटांत एकेकालाच झाला. मृत्यु मात्र दोहींकडे अगदीं विरळ होते; म्हणून प्रत्येकाला ही सुई हवीच, असें म्हणणें मला अतिशयोक्तीचें वाटतें.

आज प्रथम ध्वनिलहरींनीं शीर तपासतात. गुठळी आंखूड व जांघेपासून दूर असेल, तर दाबाचा मोजा, चालणें आणि दाहशामक औषध बहुधा पुरतें. 5 सेंटीमीटर किंवा अधिक लांब असली, तर रक्त पातळ ठेवणारें औषध सुमारें 45 दिवस देतात. जांघेंतील संगमापासून 3 सेंटीमीटरांच्या आंत असली, तर खोल शिरेच्या गुठळीसारखेंच, साधारणतः तीन महिने. जठरांत व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यांना आधीं सांगावें, कारण अशा रोग्यास ह्या औषधांनीं रक्तस्राव होण्याची भीति अधिक. आणि सबंध पाय सुजला, धाप लागली किंवा छातींत कळ आली, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.