उकळत्या पाण्याची वाट

१६८२ सालच्या एप्रिल महिन्यांत लंडनच्या रॉयल सोसायटीचे कांहीं सभासद एका चमत्कारिक मेजवानीला जमले होते. मासळी, मांस, सारें कांहीं डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या बंद भांड्यांत शिजविलेलें होतें; गाईमेंढ्यांचीं कठीण हाडेंहि त्यांत मऊ झालीं होतीं. जॉन एव्हलिन यानें आपल्या रोजनिशींत या जेवणाची हकीकत नोंदून ठेविली आहे. खवय्यांचें लक्ष ताटाकडे असलें तरी इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची वस्तु त्या भांड्याच्या झांकणावर होती. तेथें एका बारीक छिद्रावर वजन लटकाविलेली तरफ बसविली होती. आंतील दाब मर्यादेबाहेर गेला कीं तरफ उचलली जाई व वाफ बाहेर पडे. सुरक्षा-झडपेचा जन्म तो हा.

बाहेर पडलेली वाफ पुढें जाते कोठें, हा प्रश्न मात्र पापँला पडण्याचें कारण नव्हतें. एका भांड्याची वाफ ती. हवेंत विरून जाई. घराघरांत पाण्याच्या मोठ्या टाक्या तापूं लागल्या तेव्हां हा प्रश्न उभा राहिला.

उघड्या भांड्यांत पाणी १०० अंशांवर उकळतें. महाराष्ट्रांतील तांब्याच्या बंबाला सैल झांकण असतें. म्हणून कितीहि लांकडें घातलीं तरी त्यांतील पाणी त्यापुढें तापत नाहीं. परंतु वातावरणाच्या चौपट दाबाखालीं तेंच पाणी न उकळतां सुमारें १४४ अंशांपर्यंत तापतें. अशी टाकी फुटून दाब एकदम उतरला कीं पाण्याचा कांहीं अंश तत्काळ वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सुमारें १६०० पट जागा लागते. भिंती पाडावयाला तेवढें पुरें होतें.

इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत चुलीच्या पाठीमागें बॉयलर बसवून घरभर ऊन पाणी नेण्याची चाल पडली. कडाक्याच्या थंडींत नळ्यांतील पाणी गोठे, वाट बुजे, आणि सकाळीं चूल पेटवितांच स्फोट होई. १८८२ सालीं पार्लमेंटानें बॉयलरांच्या स्फोटांची चौकशी करणारा कायदा केला. पण केवळ घरगुती वापराचे बॉयलर त्यांतून वगळले. कारखान्याला एक न्याय व स्वयंपाकघराला दुसरा, हा भेद त्या काळाला साजेसाच म्हणावयाचा.

पुढें ब्रिटनमध्यें माळ्यावर थंड पाण्याची टाकी, आणि ऊन पाण्याच्या टाकीपासून तिच्या तोंडावर नेलेली, कधींहि बंद न होणारी नळी, ही पद्धति रूढ झाली. उघड्या नळीवांचून थेट मुख्य नळाच्या दाबावर चालणाऱ्या टाक्यांना १९८५ च्या इमारत-नियमांनीं इंग्लंड व वेल्समध्यें वाट मोकळी केली, पण अटी घालून. उष्णता-नियंत्रक बिघडल्यास वीज तोडणारें व आपोआप पूर्ववत् न होणारें साधन हवें. तेंहि फसल्यास सुमारें ९० ते ९५ अंशांवर उघडणारी झडप हवी. येथपर्यंत पापँचाच वारसा. खरें नवल पुढच्या नळीचें. झडपेंतील पाणी ५०० मिलिमीटरांच्या आंत एका उघड्या नरसाळ्यांत पडावें, म्हणजे बिघाड घरच्यांच्या दृष्टीस पडतो. नरसाळ्याखालीं नळी पहिल्या वळणापूर्वीं निदान ३०० मिलिमीटर सरळ उतरावी; नाहीं तर पाणी उसळून खोलींतच उडेल. नळीचा व्यास झडपेच्या तोंडापेक्षां निदान एका मापानें मोठा असावा, उतार सतत असावा, आणि मध्यें तोटी तर मुळींच नसावी. तोंड अंगणांत निघालें व तेथें मुलें खेळत असतील, तर भोंवतीं तारेची जाळी हवी.

जुन्या उघड्या नळीविषयीं मात्र कोणाला फारशी शंका नव्हती. २००६ च्या नोव्हेंबरांत सॉमरसेट परगण्यांतील टाँटन येथें एका घरांतील नियंत्रक निकामी झाला. पाणी उकळत राहिलें आणि त्या निर्धोक मानलेल्या नळीनें माळ्यावरील प्लास्टिकच्या टाकींत जात राहिलें. टाकी उष्णतेनें मऊ होऊन कोसळली, आणि खालीं निजलेलें दहा महिन्यांचें मूल दगावलें. २०१० सालीं सुधारलेल्या नियमांनीं उघड्या नळीच्या पद्धतीलाहि सुरक्षा-साधनांची अट लागू केली, आणि माळ्यावरील टाकीखालीं सपाट, भक्कम फळी असावी असें सांगितलें.