एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर? एका आकड्याचा इतिहास

विजेवर चालणारी गाडी पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "एकदा चार्ज केली की किती जाते?" विक्रेता एक आकडा सांगतो. गाडी घरी येते आणि महिन्याभरात लक्षात येते, की तो आकडा काही हाती लागत नाही. उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात दुसरा. गावात एक आणि हमरस्त्यावर तिसराच. मग कोणी म्हणतो कंपनीने फसवले, कोणी म्हणतो बॅटरीच खराब निघाली.

विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र आणखी एक शंका यायला हवी. मुळात हा पल्ला गाडीचा एकटीचा गुणधर्म आहे का? पाण्याचा उत्कलनबिंदू सांगताना आपण हवेचा दाब सांगतो. मग पल्ला सांगताना सोबत काय सांगायला हवे? हा प्रश्न आजचा नाही, सव्वाशे वर्षे जुना आहे. प्रत्येक पिढीने त्याचे उत्तर नव्याने आणि बऱ्याचदा महागात शिकलेले आहे.

पहिली फेरी

पुन्हा पुन्हा भरता येणारा शिसे-आम्ल विद्युतघट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर याने त्याच्या पट्ट्या सुधारल्या आणि हा घट वाहनात वापरण्याजोगा झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रुवे याने विजेवर चालणारी तीनचाकी रस्त्यावर आणली. १८९७ साली लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या होत्या. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. म्हणजे विजेची गाडी ही नवी कल्पना नव्हे. ती एकदा येऊन गेलेली पाहुणी आहे.

ताशी १०० कि.मी.चा वेग ओलांडणारी पहिली मोटारही विजेचीच होती. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने एक किलोमीटर अंतर ३४ सेकंदांत कापले. विद्यार्थ्यांना हा भागाकार करायला द्यावा. वेग ताशी १०५.८८ कि.मी. येतो. त्या गाडीचा आकार पाणतीरासारखा निमुळता होता. हवेचा विरोध कमी व्हावा हा त्यामागचा हेतू. पण जेनात्झी स्वतः त्या निमुळत्या अंगाच्या वर, छातीपर्यंत उघडा बसला होता आणि चाके व सांगाडाही खाली उघडाच होता. हवेचा विरोध हा शत्रू आहे हे ओळखले होते, पण त्याची पुरती मोजदाद अजून झालेली नव्हती.

दुसरा शत्रू बॅटरीतच दडलेला होता. १८९७ साली व्हिल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की शिसे-आम्ल घटातून जितका जास्त प्रवाह घ्यावा तितकी त्याची एकूण क्षमता कमी भरते. प्रवाह दुप्पट केला तर घट निम्मा वेळ चालायला हवा. प्रत्यक्षात, चांगल्या घटाच्या बाबतीतही, तो ४४ टक्क्यांच्या आसपासच वेळ चालतो. याचे कारण सोपे आहे. प्रवाह जोरात घेतला की पट्ट्यांच्या सूक्ष्म छिद्रांमधले आम्ल लवकर संपते आणि बाहेरचे आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. विझत आलेला टॉर्च थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा जरा उजळतो, त्यामागेही बरेचसे असेच कारण असते. याचा अर्थ असा, की झटक्याने वेग वाढवणारा चालक आणि हळूहळू वेग वाढवणारा चालक एकाच बॅटरीतून वेगवेगळी ऊर्जा काढतात. चालवण्याच्या सवयीचा पल्ल्याशी असलेला संबंध असा शतकापूर्वीच सूत्रबद्ध झाला होता.

डेट्रॉइटचा हिवाळा

या काळातली नावाजलेली गाडी म्हणजे 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक'. तिचे उत्पादन १९०७ साली सुरू झाले. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा याच बनावटीची गाडी चालवत. एका चार्जिंगमध्ये साधारण १३० कि.मी. असा तिचा जाहीर पल्ला होता. एका चाचणीत मात्र या बनावटीची गाडी ३४० कि.मी. गेल्याची नोंद आहे.

एकाच बनावटीचे १३० आणि ३४० असे दोन आकडे कसे? या गाडीचा वेगच मुळी ताशी ३०-३२ कि.मी.च्या पुढे फारसा जात नसे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे या वेगाला तो नगण्य असतो. सपाट रस्ता, टणक टायर, एकसारखी संथ चाल आणि न थांबता प्रवास असेल, तर बॅटरीतला थेंबन् थेंब वापरला जातो. रोजच्या वापरात ठिकठिकाणी थांबावे लागते, पुन्हा निघावे लागते, चढ येतात आणि थंडीही येते.

थंडीची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. थॉमस एडिसन यांनी शिशाच्या जड बॅटरीला पर्याय म्हणून निकेल-लोह बॅटरी तयार केली. पहिली आवृत्ती गळू लागल्याने त्यांना ती मागे घ्यावी लागली. सुधारलेली बॅटरी १९०९ च्या सुमारास आली आणि १९११ पासून डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये जादा किंमत मोजून मिळू लागली. ती दणकट होती, वर्षानुवर्षे टिकत असे. पण तिचा एक दोष होता. तापमान उतरले की तिची ताकदही उतरे. आणि डेट्रॉइट शहरात हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो!

पुढे १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर पेट्रोल गाडीत बसला. हँडल फिरवण्याचा त्रास गेला. पेट्रोल स्वस्त झाले, गावाबाहेरचे रस्ते सुधारले, लोक लांब जाऊ लागले. जिचा पल्ला आज किती भरेल याची खात्री नव्हती, ती गाडी मागे पडली. १९३९ पर्यंत डेट्रॉइट इलेक्ट्रिकचा कारभारही आटोपला.

उबेचा हिशेब

विजेची गाडी मोठ्या प्रमाणावर परत यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. जनरल मोटर्सची 'ईव्ही-१' ही गाडी डिसेंबर १९९६ पासून भाडेकराराने मिळू लागली. ती प्रथम दिली गेली लॉस एंजेलिस, फिनिक्स आणि टुसॉन या शहरांत. तिन्ही उबदार हवेची ठिकाणे! गाडी हवेला कमीत कमी विरोध करील अशी घडवली होती आणि आत ऊब देण्यासाठी तिच्यात उष्णता-पंप होता. अभियंते डेट्रॉइटचा धडा विसरले नव्हते. १,११७ गाड्या तयार झाल्यावर प्रकल्प थांबला, आणि २००३ मध्ये कंपनीने गाड्या परत घेण्यास सुरुवात केली.

उबेचा एवढा बाऊ का? पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तीच उष्णता प्रवाशांना ऊब देते, म्हणजे ऊब फुकट मिळते. विजेची मोटर फारच थोडी ऊर्जा वाया घालवते. तिच्या या गुणामुळेच हिवाळ्यात अडचण होते, कारण उबेसाठी बॅटरीतून वेगळी वीज काढावी लागते.

२०१९ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने पाच गाड्यांवर चाचण्या केल्या. २४ अंश से. तापमानाच्या तुलनेत उणे ७ अंशांना, हीटर बंद ठेवून, पल्ला सरासरी १२ टक्क्यांनी घटला. हीटर चालू करताच ही घट ४१ टक्क्यांवर गेली. ३५ अंशांच्या उष्म्यात एसी बंद असताना ४ टक्के आणि चालू असताना १७ टक्के घट आढळली. आजच्या लिथियम-आयन बॅटरीतही थंडीत आयनांची हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो, शिवाय थंड हवा जास्त दाट असते. पण या सगळ्याचा वाटा १२ टक्क्यांचा. बाकीची घट गाडीत बसलेल्या माणसांना ऊब देण्यापायी होते.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा. हवेचा आणि टायरचा विरोध हा किलोमीटरमागे होणारा खर्च आहे. हीटर किंवा एसी हा तासामागे होणारा खर्च आहे. समजा हीटर ३ किलोवॉटचा आहे, म्हणजे तासाला ३ युनिट वीज खातो. ताशी ६० कि.मी. वेगाने जाताना त्याचा बोजा दर किलोमीटरला ०.०५ युनिट पडतो; वाहतुकीत अडकून ताशी १५ कि.मी. वेग झाला, की ०.२ युनिट! लहान गाडीला चालायला लागते त्याहून हे जास्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे कडाक्याची थंडी पडली तेव्हा चार्जिंगच्या ठिकाणी गाड्यांच्या रांगा लागल्या. गार बॅटरी चार्जही सावकाश होते आणि रांगेत उभे असताना हीटर चालूच ठेवावा लागतो.

म्हणून थंडीत गाडी चालतच नाही असे नव्हे. नॉर्वेत २०२३ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८२ टक्के विजेच्या होत्या. तिथले लोक हिवाळ्याचा पल्ला वेगळा धरतात आणि गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच आतून गरम करून घेतात. आकडा तोच, तो वाचायचा कसा हे त्यांनी शिकून घेतले.

आपल्याकडचा हिशेब

आपल्याकडे उणे तापमानाची चिंता नाही. आपली चिंता वेग, घाट आणि ऊन यांची.

वेगाचा हिशेब वर्गात करण्याजोगा आहे. मध्यम आकाराच्या गाडीला टायरचा विरोध साधारण १६० न्यूटन धरू. हवेचा विरोध ताशी ६० कि.मी. वेगाला सुमारे १०७, तर १२० ला त्याच्या चौपट, ४२७ न्यूटन. बेरीज २६७ आणि ५८७. म्हणजे वेग दुप्पट केला की दर किलोमीटरचा खर्च दुपटीहून अधिक आणि पल्ला निम्म्याहून कमी. द्रुतगती मार्गावर गाडीचा पल्ला का आटतो, याचे उत्तर या बेरजेत आहे.

आता घाट. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साधारण ५५० मीटर उंची गाठते. माणसांसह १,५०० किलोच्या गाडीसाठी ही स्थितिज ऊर्जा सुमारे ८१ लाख जूल, म्हणजे सव्वादोन युनिट होते. सपाटीवर एवढ्यात गाडी १५ कि.मी. गेली असती. पण उतरताना मोटर जनित्र बनते आणि यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पॅरिसच्या लुई क्रिएजे याच्या गाड्यांत ही सोय १८९० च्या दशकातच होती, आणि मुंबईच्या नव्या लोकल गाड्याही ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात. अट एकच. ब्रेक सावकाश आणि लवकर लावायला हवा. अचानक करकचून लावला, की ऊर्जा चाकाच्या चकत्यांवर तापून जाते.

उन्हाचा धडा वेगळा. थंडीने घटलेला पल्ला उबेत परत येतो, पण उष्णतेने झिजलेली बॅटरी पूर्ववत होत नाही. २०१२ साली फिनिक्स भागातील निसान लीफच्या मालकांना आपल्या बॅटरीची क्षमता लवकर घटल्याचा अनुभव आला. त्या गाडीत बॅटरी थंड करणारी द्रवयंत्रणा नव्हती. विदर्भातील उन्हाळा सोसणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे. गाडी सावलीत उभी करण्याने बॅटरीचे आयुष्य वाढते.

मग जाहीर आकडा खोटा असतो का? नाही. तो एका ठरावीक परीक्षेचा निकाल असतो. भारतात पुण्याची 'एआरएआय' ही संस्था अशा चाचण्या करते. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. भारतीय आलेखात वेग ताशी ९० कि.मी.च्या पुढे जात नाही. अमेरिकेत उत्पादकाला प्रयोगशाळेतील साध्या चाचणीच्या पल्ल्याला ०.७ ने गुणून तो जाहीर करता येतो. म्हणजे एकच गाडी दोन देशांत दोन आकडे दाखवील आणि दोन्ही खरे असतील.

१ जून २०२२ रोजी एस.टी.ची विजेवरची पहिली 'शिवाई' बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १९४८ साली त्याच तारखेला एस.टी.ची पहिली बस याच दोन शहरांदरम्यान धावली होती. आज आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी विजेची स्कूटर आहे. त्यांना एक वही करायला सांगावी. रोज तारीख, दुपारचे तापमान, अंदाजे वेग, किती जण बसले, टायरमधली हवा कधी भरली आणि एका युनिटमागे किती किलोमीटर झाले, एवढेच लिहायचे. वर्षाखेरीस आलेख काढला की त्यांना कळेल, की मोजमाप ज्या परिस्थितीत केले ती सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. विक्रेत्याला प्रश्न कसा विचारावा, हेही मग त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.