हरलेला गडी

मंडळी, जत्रांचे दिवस आले की शिरूर कासारच्या बाजूला, सिंदफणेच्या काठच्या गावांतून हगाम्याची बोलणी सुरू होतात. कुस्तीच्या फडाला आपल्याकडे हगामा म्हणतात, हे इथल्या श्रोत्यांना सांगावयास नको. दुपार कलली की माती मोकळी करतात, हलगी कडाडू लागते. आधी पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, आणि दिवस मावळतीला आला की मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. एक जण चीत होतो. लोक धावतात, जिंकलेल्याला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात, नोटा लावतात. सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेले.

अशा वेळी दुसरा गडी कुठे असतो? तो फडाच्या कडेला आपले कपडे शोधत असतो. अंगाची माती झाडत नाही. कुणाकडे बघत नाही. टॉवेल घेतो आणि तोंड पुसतो. घाम पुसतो की आणखी काही, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

इतिहासही बहुधा खांद्यावर बसलेल्याच्याच मागे जातो. आजच्या भाषणात आपण थोडा वेळ त्या टॉवेलवाल्या गड्याजवळ थांबू. हरल्यावर खेळाडूच्या मनाचे काय होते, ते त्याने लपवावे की दाखवावे, आणि बघणाऱ्यांनी त्या वेळी कसे वागावे, याच्या काही खऱ्या हकिगती सांगावयाच्या आहेत.

आरंभ खाशाबा जाधवांपासून करू. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर हे त्यांचे गाव. घरात कुस्ती होती, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. त्या उन्हाळ्यात आपला बीड जिल्हा अजून निजामाच्या राज्यात होता, ही गोष्ट ध्यानात घ्या. खाशाबा आयुष्यभर मातीत लढलेले. तिथे मात्र गादी होती आणि नियमही निराळे. त्यांचा सहावा क्रमांक आला. घरी बसून कपाळाला हात लावण्याऐवजी त्यांनी पुढची चार वर्षे तयारीत घातली. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे ठरले तेव्हा पैशाची ओढाताण झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. असे गुरू होते, म्हणून ते गेले.

हेलसिंकीला त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल पाडले. मग जपानच्या इशीबरोबर पंधरा मिनिटांहून अधिक झुंज झाली आणि ती थोडक्यात गेली. अंग अजून निवले नव्हते, तोच रशियाच्या मल्लाशी लढण्यासाठी पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा मिळावा असा नियम होता. पण त्यांच्या बाजूने बोलावयास भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगतात. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारतातल्या एकट्या खेळाडूचे ते पहिले ऑलिंपिक पदक. गावी परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या धामधुमीत ही हुकलेली कुस्ती लोक विसरले. पण ती ज्याची हुकली, तो कसा विसरेल? सोन्याच्या वाटेवर असताना नियमाचा साधा विसावासुद्धा न मिळालेला माणूस गळ्यात कांस्यपदक घालून बैलगाडीत बसला होता, हे चित्र आपण पुरे बघावयास हवे.

खाशाबांच्या पिढीचे वळण असे की मनातले मनातच ठेवावयाचे. पण सगळ्यांना ते साधत नाही. १९६० साली रोमला मिल्खासिंग चारशे मीटर धावले. निम्म्याहून अधिक अंतरापर्यंत ते पुढच्यांत होते. मग क्षणभर वेग आवरला आणि तेवढ्यात बाकीचे निसटले. तिसरा आणि चौथा यांच्यात एक दशांश सेकंदाचा फरक, आणि चौथे मिल्खासिंग. फाळणीत ज्यांनी आईबाप गमावले, त्या माणसाने पुढे आयुष्यभर सांगितले की त्या दुःखानंतरचे आपले सर्वांत मोठे दुःख हेच. त्या दिवशी ते रडले, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे पदक याहूनही थोडक्यात गेले, एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने. आपण 'निमिषात' म्हणतो ना, त्याहूनही कमी.

आता एक अशी हकिगत, जी आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर स्वतः पाहिली असेल.

१३ मार्च १९९६. कलकत्त्याचे ईडन गार्डन. विश्वचषक क्रिकेटचा उपांत्य सामना, भारत आणि श्रीलंका. श्रीलंकेने २५१ धावा केल्या. भारताच्या एका गड्याच्या बदल्यात ९८ धावा झाल्या होत्या, सचिन तेंडुलकर पासष्टावर खेळत होता. गावोगाव एकेका संचासमोर पन्नास-पन्नास माणसे बसलेली. मग सचिन यष्टिचीत झाला आणि पाहता पाहता डाव कोसळला. आठ बाद १२०. लोकांचा धीर सुटला. मैदानात बाटल्या येऊन पडू लागल्या, बाकांना आगी लागल्या. खेळाडूंना आत नेले, पुन्हा आणले, पण दंगा थांबेना. शेवटी सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला.

त्या वेळी एका टोकाला मुंबईचा विनोद कांबळी नाबाद होता. दहा धावा. तो मैदानातून चालत येऊ लागला आणि त्याला रडू आवरेना. भर मैदानात, कोट्यवधी लोकांसमोर, चोवीस वर्षांचा तो तरणाबांड गडी डोळे पुसत निघाला. ते चित्र दुसऱ्या दिवशी देशभर गेले.

हा कांबळी कोण? १९८८ साली शाळेच्या सामन्यात सचिनबरोबर ६६४ धावांची भागी करणारा, आणि त्यात स्वतः नाबाद ३४९ काढणारा. १९९३ साली पाठोपाठच्या दोन कसोट्यांत त्याने दोन द्विशतके ठोकली, २२४ आणि २२७. सतरा कसोट्यांत त्याची सरासरी चोपन्नाच्या वर. कलकत्त्याच्या त्या रात्रीनंतर तो एकदिवसाचे सामने काही वर्षे खेळला, पण कसोटीत पुन्हा कधी दिसला नाही. त्याची कारणे अनेक असतील, त्यांत आपण शिरू नये. पण लोकांच्या ध्यानात काय राहिले? ती दोन द्विशतके नव्हे. राहिले ते रडणे. कुणी हळहळले, तर कुणी थट्टा केली. पुरुषासारखा पुरुष, आणि रडतो काय, असे म्हणणारेही निघाले.

इथे जरा थांबून विचार करावा. त्या रात्री ईडन गार्डनवर दोन तऱ्हांनी दुःख बाहेर पडले. एक बाटल्या होऊन पडले, दुसरे आसवे होऊन. बाटल्यांनी खेळ मोडला, पाहुण्यांचा अपमान झाला. आसवांनी कुणाचे काही बिघडवले नाही. तरी दुबळा कुणाला म्हटले गेले? रडणाऱ्याला. बाटली फेकणाऱ्या हाताला कुणी बायकी म्हटले नाही. आपल्या तराजूत काही खोट आहे, ती ही.

अशी खोट एकट्या आपल्याच तराजूत आहे असे मात्र नव्हे. १६ जुलै १९५० रोजी ब्राझील देशात, रिओच्या अवाढव्य मैदानावर फुटबॉलच्या विश्वचषकाचा निर्णय लागला. ब्राझीलला नुसती बरोबरीसुद्धा पुरली असती. पण उरुग्वेने एकाला दोन गोल करून चषक नेला. सारे मैदान सुन्न झाले, लोक ओक्साबोक्शी रडले. ते समजण्याजोगे आहे. पुढे जे झाले ते समजण्याजोगे नाही. गोलरक्षक बार्बोसा याच्या माथी तो पराभव मारला गेला, आणि २००० साली तो मरेपर्यंत लोकांनी तो बोल मागे घेतला नाही. पन्नास वर्षे! खून करणारासुद्धा त्याच्या आधी सुटून येतो.

तेव्हा हरलेल्या गड्याला पराभव जेवढा जाळतो, त्याहून अधिक भोवतालची तोंडे जाळतात. आता घरच्या गोष्टींकडे वळू, म्हणजे दुसरी बाजूही दिसेल.

शिरूरच्या शेजारचा तालुका पाटोदा. तिथला राहुल आवारे हा मल्ल आपण सारे जाणतो. वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली तो घडला. लहान वयातच नाव झाले, पण मोठ्या संधी हातातून जात राहिल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला त्याला जाता आले नाही. मातीत उतरून हरणे एक वेळ सोसते, पण उतरावयासच न मिळणे हे फार जड. २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीची कुस्ती तो जॉर्जियाच्या मल्लाकडून हरला. त्या रात्री मनाला काय लागले असेल ते असो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गादीवर उभा राहिला, अमेरिकेच्या मल्लाला हरवले आणि कांस्यपदक घेतले. हरणे आणि जिंकणे यांच्यामध्ये केवळ एका रात्रीचे अंतर.

आणि आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे. आईबाप शेतात आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर, तेव्हा पोरगा पळतच जाई. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, आणि मग धावपटू झाला. त्याची शर्यत तीन हजार मीटर अडथळ्यांची. तीन फूट उंचीचे आडवे लाकूड अठ्ठावीस वेळा आणि पाण्याचा खड्डा सात वेळा ओलांडावयाचा. लाकूड पाय लागून पडत नाही, आपणच पडतो.

२०१९ साली दोहा येथे जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत पुढच्यांच्या अडखळण्याने त्याची वाट दोनदा अडली आणि तो बाद झाला. पण या खेपेस भारताच्या अधिकाऱ्यांनी तक्रार नोंदवली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले. हेलसिंकीला खाशाबांच्या बाजूने उभे राहावयास जो माणूस नव्हता, तो सदुसष्ट वर्षांनी इथे होता. अविनाश त्या फेरीत आठ मिनिटे २१.३७ सेकंदांत धावला. क्रमांक तेरावा, पण टोकियो ऑलिंपिकचे दार उघडले.

टोकियोला २०२१ साली त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला, आठ मिनिटे १८.१२ सेकंद, आणि तरी बाद झाला. त्याच्या गटात सातवा आला म्हणून. तिसऱ्या गटातले पहिले तिघे त्याच्याहून हळू धावून पुढे गेले! देशात आजवर कुणी धावले नाही इतके धावावयाचे आणि तरी घरी यावयाचे, याला काय म्हणावे? पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तो केनियाच्या किबिवॉटच्या खांद्याला खांदा लावून आला. फरक एका सेकंदाच्या विसाव्या भागाचा. रौप्यपदक. १९९८ पासून या शर्यतीची सगळी पदके केनियाकडेच जात होती, ती रीत मात्र त्याने मोडली. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचला. या शर्यतीत तिथवर जाणारा तो पहिला भारतीय पुरुष. क्रमांक अकरावा. २०२५ साली गुडघ्याला मोठी दुखापत झाली. आता हा सारा हिशेब मांडून बघा. जिंकल्याचे दिवस बोटांवर मोजावेत आणि हुकल्याचे दिवस त्याहून अधिक. पण हुकल्याचे दिवस काढून टाकले तर जिंकल्याचे दिवस उभेच राहत नाहीत.

शेवटी गुरुजनांशी दोन शब्द. तालुक्याच्या क्रीडास्पर्धेत खो-खोत वा कबड्डीत आपला संघ एका गुणाने हरतो. एखादे पोरगे झाडाखाली जाऊन हुंदके देते. आपण जाऊन म्हणतो, "मुलीसारखा रडतोस काय?" या एका वाक्याने आपण मुलाचाही अपमान करतो आणि मुलीचाही. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओला याच अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली, हे त्या वेळी आठवावे. मुलीसारखे होणे सोपे नाही.

मग काय करावे? थोडा वेळ काहीच बोलू नये. पाण्याचा तांब्या पुढे करावा. रडणे आटोपले की जेवू घालावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर नेऊन, तो एक गुण कुठे गेला ते शांतपणे दाखवावे. रडू नये असे शिकवू नका. रडून झाल्यावर बाटली, शिवी किंवा पंचांची कॉलर हाती धरू नये, एवढे शिकवा. समोरच्याचा हात हाती घ्यावयास शिकवा. जो खेळात जीव ओततो त्यालाच हरल्याचे रडू येते. ज्याला काहीच वाटत नाही त्याची काळजी अधिक करावी.

येत्या जत्रेत हगाम्याला जाल, तेव्हा जिंकलेल्याला खांद्यावर जरूर घ्या. त्याचा तो मान आहे. पण दोघा-चौघांनी फडाच्या कडेलाही जावे. तिथे एक जण कपडे शोधत असेल. त्याच्या पाठीवरची माती आपल्या हाताने झाडावी आणि विचारावे, "गड्या, पुढच्या वर्षी येणार ना?"