ओळखीचे तारण

घर बांधण्यास लागणारा पैसा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या एका वर्षाच्या मिळकतीतून क्वचितच उभा राहतो. तो कोणाकडून तरी घ्यावा लागतो आणि तो फिटेपर्यंत घर गहाण राहते. या व्यवहारातील मोठा धोका घरात नसतो, मुदतीत असतो. कर्ज अनेक वर्षांनी फिटते. ज्यांच्या ठेवींतून ते दिले, ते ठेवीदार मात्र आपली रक्कम केव्हाही मागू शकतात. या प्रश्नाला मद्रासच्या मध्यमवर्गाने एकोणिसाव्या शतकात दिलेले उत्तर म्हणजे ‘निधी’ ही संस्था होय.

इंग्लंडमधील गृहबांधणी मंडळ्यांचा कित्ता तिच्यापुढे होता. सभासदांनी दरमहा ठराविक रक्कम भरावी आणि गरजू सभासदाने घर किंवा दागिने तारण ठेवून कर्ज घ्यावे, अशी ही रीत. आरंभीच्या मंडळ्या सर्वांचा हिशेब पुरा होताच विसर्जित होत. पुढे कायम चालणाऱ्या संस्था निघाल्या. कपालीश्वराच्या देवळाभोवती वसलेल्या मैलापुरात १८७२ साली निघालेल्या ‘मैलापूर हिंदू पर्मनंट फंडा’च्या नावातील ‘पर्मनंट’ या शब्दाचे मूळ येथे आहे. आपल्याकडील पतपेढीशी निधीचे नाते जवळचे. मात्र पतपेढी सहकारी कायद्याखाली येते, तर निधी ही कंपनी असते.

निधीचे बळ ओळखीत होते. कर्जदाराचे घर कोणत्या गल्लीत आहे आणि त्याची मिळकत किती, हे इतर सभासद जाणत. ओळख नसलेल्या ठिकाणी ठेवलेल्या विश्वासाची किंमत मद्रासने २२ ऑक्टोबर १९०६ रोजी मोजली. त्या दिवशी अर्बथनॉट ही प्रतिष्ठित इंग्रज पेढी बुडाली आणि हजारो ठेवीदार नागवले गेले. मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने १९०७ साली इंडियन बँक उभी राहिली, ती याच आघातानंतर.

स्वातंत्र्योत्तर काळात, १९६० च्या दुरुस्तीने, कंपनी कायद्यात निधींना स्वतंत्र स्थान व सवलती मिळाल्या. १९९० नंतर अनेक निधी ओळखीचे वर्तुळ ओलांडून फोफावले. ठेवी थोड्या मुदतीच्या आणि पैसा जमिनीत अडकलेला, अशी स्थिती होऊन त्यांतील कित्येक कोसळले. केंद्र सरकारने २००० साली सबनायगम समिती नेमली. पुढे २०१४ च्या नियमांनी ओळखीची जागा प्रमाणांना दिली: ठेवी स्वनिधीच्या वीसपटीहून अधिक नसाव्यात, दहा टक्के ठेवी बँकेत मोकळ्या राखाव्यात, स्थावरावरील कर्ज मालमत्तेच्या निम्म्या किमतीपुरते आणि सात वर्षांत फिटणारे असावे, ठेवींसाठी जाहिरात करू नये.

तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये मैलापूर फंडाच्याच प्रमुखास, ठेवीदारांच्या रकमा परत न केल्याच्या आरोपावरून, तामिळनाडू पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने अटक केली. आरोप खरे की खोटे, हे ठरविणे न्यायालयाचे काम. परंतु बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे जे संरक्षण २०२० पासून मिळते, ते निधीतील ठेवीला नाही, ही गोष्ट अनेक वृद्ध ठेवीदारांना त्या वेळी प्रथमच कळली असेल. संस्थेच्या दीडशे वर्षांच्या वयाला त्यांनी तारण मानले होते. वस्तुतः वय ही केवळ आठवण असते. तारण असते ते दरवर्षी तपासलेल्या हिशेबात.