चूल, निखारा आणि धूर : पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील मांस भाजण्याच्या प्रथेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आहाराचा इतिहास लिहिताना धान्य, मसाले व पाककृती यांचा जितका विचार होतो तितका इंधनाचा होत नाही. वस्तुतः पदार्थ कोणत्या आगीवर तयार होतो यावर त्याची चव, तो करण्याची जागा आणि त्यामागील श्रमांची वाटणी अवलंबून असते. मांस निखाऱ्यावर भाजणे व त्यास धुराचा वास देणे ही प्रथा याचे बोलके उदाहरण होय. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात ही प्रथा घराबाहेर कशी पडली आणि तिच्यासोबतचा धूर कोणाच्या वाट्याला गेला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शूल्य मांस आणि गावची चूल

शूळावर ओवून भाजलेल्या मांसास संस्कृत ग्रंथांत 'शूल्य' अशी संज्ञा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात 'भडित्रक' हा प्रकार येतो. मांसाचे तुकडे शूळावर ओवून ते निखाऱ्यावर भाजण्याची ही रीत होय. अर्थात हे राजाच्या भोजनाचे वर्णन आहे. भाजणारे व सर्पण आणणारे हात त्यात नोंदले गेलेले नाहीत.

खेड, मावळ व हवेली तालुक्यांतील शेतकरी घरांत मांसाहार प्रामुख्याने रश्श्याचा. देवाच्या जत्रेत किंवा कंदुरीला कापलेले बकरे साऱ्या भावकीला पुरवावयाचे असल्याने रस्सा हाच व्यवहार्य मार्ग होता. भाजण्याचा मान ठराविक भागांना मिळे. कलेजीचे तुकडे मीठ लावून चुलीतून ओढलेल्या आरावर भाजले जात. मुंडी व पाय प्रथम आगीवर धरून त्यांवरील केस जाळावे लागत, आणि या जाळण्यातूनच त्यांच्या रश्श्याला धुराची विशिष्ट चव येई. कोकणातून घाटावर येणारा सुका बोंबील तर जेवणाच्या वेळी निखाऱ्यावर टाकून भाकरीबरोबर खाल्ला जाई. स्वयंपाक आटोपल्यावर चुलीत उरलेला विस्तव या कामी येत असल्याने भाजण्यासाठी वेगळे इंधन लागत नसे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

या प्रथेला जातिव्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. गावाबाहेर राहणाऱ्या समाजांवर मृत जनावरे ओढण्याचे काम लादलेले होते. त्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या 'चान्या' पुढे टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील ही खाद्यसंस्कृती लिखित रूपात आणली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यामागे अन्नाची निवड लादली जाण्याविरुद्धचा स्वाभिमान होता.

कोळशामागील श्रम

लाकडापासून केलेल्या कोळशास मराठीत 'लोणारी कोळसा' म्हणतात. चुना व कोळसा तयार करणाऱ्या लोणारी समाजाचे नाव त्याला चिकटले आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात हे काम कातकरी समाजाकडेही आले. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरील हक्क आक्रसले आणि कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवरील मजुरी हा उपजीविकेचा आधार बनला.

लाकडे रचून, पाला व माती यांनी झाकून, हवा अगदी बेताची ठेवून ती दिवसेंदिवस धुमसत ठेवावी लागतात. हवा अधिक झाली तर लाकडाची राख होते. म्हणून रात्रीही भट्टीवर पहारा आवश्यक असतो. लाकडातील पाणी व धूर भट्टीतच निघून जातो, त्यामुळे कोळसा पुढे ज्योतीवाचून व अल्प धुराने प्रखर उष्णता देतो. म्हणजेच भाजणाऱ्याला लाभणारी स्वच्छ आच ही भट्टीवाल्याने आधीच सोसलेल्या धुराची किंमत असते. उचल घेऊन कुटुंबासह भट्टीवर जाण्याची पद्धत या मजुरीशी जोडलेली राहिली. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, तरी उचलीचे बंधन त्यानंतरही अनेक ठिकाणी टिकून राहिले.

औद्योगिकीकरण आणि इंधनबदल

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये तेथे सुरू झाला.

या काळात मातीची चूल असलेल्या घराची जागा चाळीतील खोलीने व पुढे सदनिकेने घेतली. इंधन क्रमाने सर्पणाकडून रॉकेलच्या स्टोव्हकडे, तेथून गॅसच्या टाकीकडे आले. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडने या शहरांत नळाचा गॅस आणला. धुराने डोळे व फुप्फुसे झिजवणाऱ्या स्त्रियांसाठी हा बदल निःसंशय हितकारक ठरला. मात्र उरलेला विस्तव नाहीसा होताच त्यावरील भाजणेही संपले. गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवून वांगे भाजता येते. मांसाची चरबी मात्र बर्नरवर गळून भडका व धूर करते.

परिणामी कामाची विभागणी झाली. मुंडी-पाय भाजून देण्याचे काम खाटिकाच्या दुकानाकडे गेले. तंदूर व कोळशाची शेगडी महामार्गावरील ढाब्यांकडे व हॉटेलांकडे राहिली. घरात उरला तो धुंगार : भांड्यात वाटी ठेवून, तीत तापलेला कोळसा व वर तुपाचे थेंब सोडून झाकण लावणे. त्यासाठीचा कोळशाचा तुकडाही आता गॅसवरच तापवावा लागतो. अलीकडे गच्चीवर लोखंडी शेगडी मांडून हौसेने मांस भाजण्याची रीतही दिसते. मात्र बंद खोलीत कोळसा पेटविल्यास वासरहित कार्बन मोनॉक्साइड साचून प्राण जाऊ शकतो. चुलीला धुराडे वा कौलांतील फट असे. सदनिकेला ती नाही, हे विसरता कामा नये.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, या पट्ट्यात मांस भाजण्याची प्रथा आवड कमी झाल्यामुळे घराबाहेर पडली नाही. तिचा आधार असलेला फुकटचा निखारा चुलीबरोबर गेला, हे तिचे कारण होय. धूर मात्र नष्ट झाला नाही. तो गृहिणीच्या वाट्यातून निघून ढाब्यावरील कामगाराच्या व कोळसाभट्टीवरील कातकरी कुटुंबाच्या वाट्याला अधिक प्रमाणात गेला. कारखान्यांच्या या परिसराचा सामाजिक इतिहास लिहिताना यंत्रशाळेतील कामगाराइतकेच या भट्टीवरील माणसालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.