हौद्यातली माती

आबा कुस्तीच्या गोष्टी सांगायला बसले की डावपेच मागाहून यायचे, आधी माती. कोल्हापूरच्या तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याच्या हातात पहिल्यांदा कुदळ देत. पहाटे उठून हौदा खणायचा, ढेकळं फोडायची, मग जोर-बैठका. चाळलेल्या तांबड्या मातीत हळद, काव, ताक, लिंबाचा रस, तेल आणि कापूर घातलेला असे. माती उकरली नाही तर आवळून घट्ट होते, आणि मग पाठीवर पडणाऱ्याची धडगत नाही. "आपुन तिला मऊ ठिवायचं, मग ती आपल्याला झेलती," आबा म्हणायचे.

लढतीआधी पैलवान मूठभर माती उचलतो, कपाळाला लावतो, स्वतःच्या अंगाला चोळतो आणि समोरच्याच्या अंगावरही टाकतो. घामानं निसटणारं अंग त्या मातीमुळं पकडीत येतं. समोरच्याला आपल्यावर पकड मिळावी याची तजवीज आपणच करायची आणि मगच भिडायचं! पायाखालची जमीन दोघांची, ताकद ज्याची त्याची. याहून उमदी रीत मला ठाऊक नाही.

शाहू महाराजांनी या मातीला मोठं अंगण दिलं. रोमचं कलोसियम पाहून आल्यावर त्यांनी तसं मैदान मनात घेतलं आणि १९१२ साली खासबाग उभं राहिलं. बशीसारखं खोलगट, मध्ये हौदा. पार मागं बसलेल्या शेतकऱ्यालाही डाव दिसला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

आबांचा जीव मात्र खाशाबा जाधवांवर. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला, तिथं कुस्ती गादीवर. पाय रुतत नाहीत, वेळ मोजून मिळतो, नियम निराळे. तरी सहावा आला. १९५२ला हेलसिंकीत त्यानं कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत वाढलेलं अंग पायाखाली काय आहे ते आधी चाचपतं आणि मग त्या जागेचं होतं, असं मला खाशाबांकडं पाहून वाटतं.

आज पुष्कळ तालमींत हौद्याबरोबर गादीही आहे, आणि ती हवीच. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हींचे विजेते अखेर एकमेकांना भिडतात. अलीकडे ती शेवटची लढत गादीवर होते. मातीतला पैलवान गादीवर उतरतो, तसा गादीवरचाही एखाद्या वर्षी हौद्यात उतरावा, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.